मोरिवलीच्या गाळ्यातली मोटर

बदलापूर गाव,
१८ सप्टेंबर २०२५

चि. मीनल हिस हरिचंद्रकाकाचे अनेक आशीर्वाद.

फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून कागद. बरी नोकरी सोडून तू आणि उल्हासनगर कॅम्प चारचा तो सनी माझ्या मोरिवलीच्या गाळ्यात तांब्याची तार गुंडाळत बसता, हे गावभर झालं. पुतणी काय करते विचारलं की मी सांगतो, भोवरे करते. कंपनीचं नाव ‘वेगवती’ आणि माणसं दोन.

त्याच गाळ्यात माझी भाताची गिरण होती. पट्ट्याच्या फटफटीच्या तालावर मी चौथीच्या पुस्तकातल्या कविता चालीत म्हणायचो, गिऱ्हाईक भात विसरून ऐकायचं. तुझ्या बिनआवाजी मोटरीवर काय म्हणायचं, मौनव्रत?

अमितला मांडवाचं सामान ठेवायला गाळा हवाय. पोटचा पोर, त्याला किती टोलवू? दसऱ्यापर्यंत एक तरी मोटर विक, गाळा तुझा. नाहीतर त्याचा.

काकूने तांदळाच्या भाकऱ्या दिल्यात. टोमणे टाकून दे, भाकऱ्या ठेव, माया ठेव.

तुझा,
हरिचंद्रकाका


मोरिवली,
२२ सप्टेंबर २०२५

ती. काकांस सा. न. वि. वि.

भाकऱ्या सनीने संपवल्या. तुमच्या गिरणीची अर्धी वीज नुसत्या धडधडीत जायची आणि तुम्ही तिला कविता म्हणत होता. आमची मोटर तापत नाही, म्हणून तेवढ्याच बॅटरीवर रिक्षा लांब जाते. सनीच्या रिक्षात बसवली आहे. रिक्षा विकणारे तुलसीशेठ खंडेनवमीला बघायला येतायत. दसऱ्याला त्यांच्या दुकानात गर्दी असते. पूजेला तुम्ही या, जीभ घरी ठेवून.

काकूंना नमस्कार. आपलाही लोभ, जमला तर, असू द्यावा.

मीनल


मोरिवली,
१ ऑक्टोबर २०२५

ती. काकांस नमस्कार.

शेठ यायच्या आत तुम्ही रिक्षाला हळदकुंकू लावलंत, हार घातलात आणि म्हणालात की पूजलेलं यंत्र आज फिरायचं नाही. सनी म्हणाला, दोन मिनिटं फिरवू, देव काय मीटर बघतोय. पण आपल्या घरात आज विळीसुद्धा कुणी उचलत नाही. माझा हात पुढे जाईना. शेठनी हाराकडे बघून विचारलं, मला फोटो काढायला बोलावलंत का, आणि गेले. तुम्ही हसत होता.

किल्ली पाकिटात आहे. गाळा झाडून ठेवलाय, अमितला सांगा.

मीनल


बदलापूर गाव,
३ ऑक्टोबर २०२५

चि. मीनल हिस आशीर्वाद.

जन्मात माझा एक शब्द ऐकला नाहीस आणि नेमका त्याच दिवशी ऐकलास. धन्य तुझी अक्कल. तू हट्टाने बटण दाबशील, मी बोंबलेन, अशी तयारी करून आलो होतो. तू बटणाला हातच लावला नाहीस. मी हसलो, कारण तोंडाला दुसरं काही सुचेना.

काल सनीला घेऊन तुलसीशेठच्या दुकानी गेलो. हातात आपट्याचं पान ठेवलं आणि रिक्षात बसवलं. सणाला म्हाताऱ्याला नाही म्हणता येईना त्याला. सनीने त्याच्या दोन लठ्ठ गिऱ्हाइकांसकट पुलाचा चढ चढवला. शेठ खूष. म्हणाला, दोन गाड्यांना लावू, पण मोटरीवर छाप माझ्या दुकानाचा. मी विचारलं, बारसं तुमच्याकडे आणि बाळंतपण आमच्याकडे काय? तो उतरून चालता झाला. असा तुझा सौदा मी दुसऱ्यांदा घालवला.

अट ती अट. मोटर खपली नाही, गाळा अमितला दिला. मग त्याला सांगितलं, बाबा, सामान माझ्या ओटीवर आण आणि गाळा बहिणीला वापरायला दे. तो फुगलाय, काकू बोलत नाही, मांडवाच्या खांबांत माझी खाट अडकली आहे. किल्ली सनीजवळ दिली. सोमवारी कामाला लाग आणि दुसरा शेठ शोध. मी त्याच्या समोर येणार नाही.

राग धर, पण घरी ये. पुढून वाट उरलेली नाही, मागच्या दाराने ये.

तुझा,
हरिचंद्रकाका