आठ मिलिमीटरची पितळी गोळी

उचगाव,
नागपंचमीनंतरचा सोमवार

तीर्थरूप नागुआक्काच्या पायांशी धाकट्या म्हादूचा दंडवत. (वाकलं की बरगडी अजून कुरकुरते, म्हणून यंदाचा दंडवत कागदावरच गोड मानून घे.) जांबोटीत पाऊस आहे का, असं विचारत नाही, तो असतोच. तुझे गुडघे, तुझी काळी म्हैस आणि तुझी सून सौम्या, या तिघांची खुशाली कळव. क्रम तू फोनवर ज्यांच्याविषयी जास्त बोलतेस त्याप्रमाणे लावला आहे. हातात फोन असताना हा पत्र कशाला लिहितो, असं तू म्हणशील. पण फोनवर आपलं काय होतं ते तुला ठाऊक आहे. तू विचारतेस, "बरा हाईस न्हवं रं?" मी म्हणतो, "व्हय." मग तू रडायला लागतेस, तेवढ्यात रेंज जाते, आणि तुझं रडणं थांबलं की रेंज गेली हे मला इकडं कळत नाही. तेव्हा चष्मा लाव, ओट्यावर नीट बस आणि सावकाश वाच. घाबरण्यासारखं यात काही नाही.

माझ्या दुखण्याच्या पाच-सहा कथा तुझ्यापर्यंत पोचल्या असतील, म्हणून खरी काय ती सांगतो. सुरुवात तुझ्या फणसाच्या पापडांच्या डब्यापासून झाली. तू मे महिन्यात डबा धाडलास. आमची आरोही (नात म्हणून कौतुक आहेच, पण पापडांच्या बाबतीत ती टोळधाड आहे) तो दोन दिवसांत संपवणार, हे ओळखून मी तो माळ्यावर लपवायला स्टुलावर चढलो. डबा माळ्यावर सुखरूप पोचला. मी खाली आलो, पण ज्या वाटेनं चढलो त्या वाटेनं नव्हे. आमच्या लेकानं, नागेंद्रानं, गाडीत घालून बेळगावला दवाखान्यात नेलं. बरगडीला नुसती चीर होती. पण डॉक्टर फिल्म उजेडाला धरून बघतच राहिले. कारखान्यात आमचा इन्स्पेक्टर जॉबमध्ये, म्हणजे घडवलेल्या भागात, खोट सापडली की अस्सा गप्प व्हायचा, त्यामुळं मी मनात म्हटलं, म्हादबा, रिजेक्ट झालास. मग मोठ्या मशीनमध्ये घालून स्कॅन केला, आणि उजव्या फुप्फुसात एक गाठ निघाली. गेलो होतो बरगडी दाखवायला आणि आलो हे घेऊन.

डॉक्टर भला माणूस. म्हणाले, अशा बहुतेक गाठी निरुपद्रवी निघतात, जुन्या कुठल्या तरी दुखण्याचा व्रण असतो. पण आपण गृहीत धरायचं नाही. तीन महिन्यांनी पुन्हा स्कॅन करू. वाढली नसली तर उत्तम, वाढली असली तर पुढचा इलाज आहे, आणि लवकर सापडली हे तुमचं नशीब. मग विचारलं, बिडी-सिगारेट? मी तोंड उघडायच्या आत तुझी भावजय जया म्हणाली, "वडायचे की! लगनात, बारशात, कोण मेलं तरी वडायचे." (सोडून पंधरा वर्षं झाली हे सांगायला मला सवडच मिळाली नाही.) मी आपलं विचारलं, गाठ केवढी? तर म्हणाले, लहानशी आहे, आठ मिलिमीटर. आता आक्का, मी उभा जन्म मच्छेच्या कारखान्यात लेथवर घालवला. तिथं केसाच्या जाडीएवढा फरक पडला तर जॉब भंगारात जातो. आणि हा गृहस्थ आठ मिलिमीटरला लहानशी म्हणतो! मी तसं बोललोही. डॉक्टर हसले आणि म्हणाले, अहो, ते फुप्फुस आहे, लेथवरचा जॉब नाही. कडा मात्र अगदी गुळगुळीत आहे, ही चांगली खूण. खोटं कशाला सांगू, फिनिशिंग चांगलं आहे हे ऐकून मला जरा अभिमानच वाटला.

पण तो अभिमान घरी येईपर्यंतच टिकला. पहिले काही दिवस वाईट गेले, ते तुला आत्ता सांगतो. मी जेवायचो, हसायचो, आणि मधेच श्वास घेताना थबकायचो, आत कुणीतरी बसलंय असं वाटून. रताळ्याचे वेल आणून ठेवले होते ते तसेच सुकत पडले. चार महिन्यांनी ती काढायला आपण असू की नसू, या विचारानं हात चालेना. जया मात्र पाण्याची बादली रोज त्या वेलांवर ओतायची.

त्यात बघायला येणारी माणसं. आपल्याकडची रीत तुला ठाऊक आहे. कुणी आजारी म्हटलं की शहाळं, केळी आणि बिस्किटांचा पुडा घेऊन निम्मं गाव लोटतं. आलेल्या माणसाला काहीतरी बघायला लागतं. पाय मोडला तर प्लास्टर असतं, ऑपरेशन झालं तर टाके असतात. माझ्याकडं दाखवायला काहीच नाही. वर मी ठणठणीत, गालांवर तकाकी. शेजारचे मारुतीराव तर मला खालून वर बघून म्हणाले, "कुठं हाय? दाव की." जणू मी शहाळ्याच्या लोभानं आजारी पडलोय. जयाचा भाऊ युवराज निपाणीहून आला, त्याचं वेगळंच. त्याचा तंबाखूचा धंदा, त्यामुळं माझी गाठ म्हणजे त्याच्या घराण्यावर आरोप अशा थाटात तो बसला. म्हणाला, "आमचा आज्जा नव्वदीत गेला, तंबाखूनं काय झालं न्हाई त्येला." (आज्जा तंबाखू विकायचा, ओढायचा नाही, हे जयानं तिथल्या तिथं सुनावलं. माहेरच्या माणसालाही ती सोडत नाही, एवढं तिचं मोठेपण मान्य केलं पाहिजे.)

शेवटी कंटाळून एक दिवस मी मच्छेला गेलो. आमच्या जुन्या शेडमध्ये परशराम अजून आहे, त्यानं जेवणाच्या सुट्टीत लेथ मोकळी करून दिली. पितळेची कांडी लावली, चष्मा पुसला, आणि त्यातून एक गोळी काढली. आठ मिलिमीटर, ना एक केस कमी, ना एक केस जास्त. कडा गुळगुळीत, डॉक्टर म्हणाले तश्शी. पॉलिश मारून हातावर घेतली आणि आक्का, तुला म्हणून सांगतो, कितीतरी दिवसांत पहिल्यांदा मला मोकळा श्वास आला. डोक्यात ती नारळाएवढी झाली होती. हातावर घेतली तर वाटाण्याएवढी. एवढ्याशा गोष्टीसाठी मी रताळी वाळवत बसलो होतो! दुसऱ्या दिवशी वेल लावून टाकले. माणूस जायच्या बेतात असला तर मेथी लावतो, रताळी लावत नाही, असं मी जयाला ठणकावून सांगितलं. ती आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

त्यानंतर जो येईल त्याच्या तळहातावर मी गोळी ठेवायचो. मारुतीरावांनी ती उलटीसुलटी केली आणि म्हणाले, "एवढीच व्हय?" चेहरा असा पडला की बिचाऱ्यांनी आणलेली केळी स्वतःच दोन खाल्ली. जया मात्र खवळली. आजार पितळेत पाडून घरात आणणारा माणूस तिनं उभ्या जन्मात बघितला नव्हता म्हणे. पण टाकायची तरी कशी? बाहेर टाकली तर रुसेल, रुसली तर वाढेल, असा तिचा हिशेब. तेव्हा तिनं गोळी चिंचेनं घासली, हळदकुंकू लावलं आणि देव्हाऱ्यात टाकांच्या शेजारी बसवली. रोज आंघोळ, रोज फूल. एकदा नैवेद्याला दूध ठेवायला निघाली, तेव्हा मात्र मी आडवा आलो. म्हटलं, दूध नको, वाढेल! तेव्हापासून गोळीला नुसतं तुळशीचं पान. गावच्या मळेकरणी देवीला आलेले पाहुणे वाट वाकडी करून आमच्याकडं यायला लागले. मारुतीरावांच्या बायकोनं तर स्वतःच्या गुडघ्यांसाठी गोळीला साकडं घातलं. नागेंद्राला बाहेर तोंड दाखवायची चोरी झाली.

आणि मग आषाढात एक दिवस गोळी नाहीशी झाली. (तू येऊन चहासुद्धा न घेता दुपारच्या बसनं गेलीस, तोच दिवस.) दिवा लावायला जया देव्हाऱ्यापाशी गेली ती किंचाळत बाहेर आली. आरोहीचं दप्तर उपसलं, तांदळाची कोठी उपसली, युवराजाच्या सांगण्यावरून उंदराच्या बिळात काठी घातली. घरात दोन तट पडले. जया म्हणते, बाहेरची गेली म्हणजे आतलीही गेली. मारुतीराव म्हणतात, बाहेरची आत गेली नसेल कशावरून? नागेंद्र म्हणाला, बाबा, दुसरी काढून आणा की, त्यात काय. त्यावर जया म्हणाली, "द्येव असा परत पाडून मिळतो व्हय रं?" मी म्हटलं, असेल कुठंतरी.

तर असा सगळा आनंद आहे. रताळ्याच्या वेलांनी मूळ धरलंय, मी रोज सकाळी टेकडी चढून येतो आणि मारुतीराव मागं राहून धापा टाकतात, हे बघून मला फार बरं वाटतं. भीती म्हणशील तर मुळीच नाही. तू काळजी करू नकोस. सौम्याला आशीर्वाद, म्हशीला वैरण, तुला पुन्हा एकदा कागदी दंडवत.

तुझा,
म्हादू

ता. क. – दुसरा स्कॅन येत्या गुरुवारी बेळगावात आहे. तू यायचं काही कारण नाही. जांबोटीची बस पावसात कधी येते ते ड्रायव्हरलाही ठाऊक नसतं, आणि काम फुटकळ आहे. मी सगळ्यांना सांगितलंय, कुणी येऊ नका, मी एकटा जाऊन येतो. पापडांचा डबा रिकामा झालाय.

ता. क. दुसरा – गोळी कुणी नेली ते मला त्याच दिवशी कळलं होतं. चहा न घेता तू या घरातून कधी गेली आहेस? आणि बसमध्ये चढताना दांडा धरायचा सोडून कमरेशी खोचलेला पदर कोण धरतं? आक्का, मला गोवर आला होता तेव्हा मी चार वर्षांचा, तू दहाची. आईनं माझ्यावरून भाकरीचा तुकडा उतरून तीन वाटांच्या तिकटीवर टाकायला तुझ्या हातात दिला. तू तो टाकलाच नाहीस, वाटेत खाल्लास. आई मारायला धावली तेव्हा म्हणालीस, "त्येचं दुखणं कुत्र्याला कशाला? मी घेती की." पुढं तुला गोवर आला. (तो कुणालाही लागतो, पण तू तो कमावून आणल्यासारखी अंगणात मिरवत होतीस.) म्हणून गोळी गेली तेव्हा मला पहिली धास्ती ही पडली की, ही बाई गिळते की काय! फोन केला तर सौम्यानं सांगितलं की ती तुझ्या देवापाशी आहे, आणि रोज सकाळी तू हात जोडून म्हणतेस, "त्येचं त्ये मला दे, मी पिकलं पान हाय." (सौम्यावर चिडू नकोस, ती सांगताना रडत होती.) डब्यामुळं झालं असं तुझ्या मनात बसलंय, हेही तिनं सांगितलं. अगं येडे, डब्यानं गाठ घातली नाही, डब्यानं ती दाखवली. तो डबा नसता तर ती आत गुपचूप बसली असती. गोवराच्या वेळी मी लहान होतो, काही बोललो नाही. आता बोलतो. हे तुला मिळणार नाही. मी ते माझ्या हातानं, मापात काढलंय. माझं आहे.

ता. क. तिसरा आणि शेवटचा – मशीनमध्ये जाताना अंगावरचं धातूचं सगळं काढून ठेवायला लावतात. अंगठी, पट्टा, करदोट्याचा चांदीचा मणी, सगळं. मागच्या वेळी ते नागेंद्राच्या हातात दिलं आणि त्याच्या हातून अंगठी दोनदा जमिनीवर पडली. जयाला नेलं तर ती माझ्याकडं बघून हसायचा प्रयत्न करते, आणि ते मला बघवत नाही. वर सगळ्यांना येऊ नका म्हणून बसलोय, आता माघार कशी घेऊ? तेव्हा गुरुवारी पहिली बस धर. नाही आली तर तुझ्या लेकाच्या, सिद्धेशच्या गाडीवर बस, पण ये. गोळी पदरात बांधून आण. मी आत आहे तेवढा वेळ ती तू धर, घट्ट धर, काय मागायचं ते माग. पण बाहेर आलो की माझी मला परत दे.