आधी वचन

पप्पा, मी तुमच्यावर चिडले आहे, आणि तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली म्हणून गप्प बसणार नाही.

इथे कुवेतला आमचा रविवार शुक्रवारी येतो. सकाळी मराठी उपासना, मग चहा, आणि चहानंतर त्याच हॉलमध्ये मोठ्यांचा वर्ग. तो मी घेते. सहा दिवस हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्त तपासायचं आणि सातव्या दिवशी बँकवाले, आयटीवाले, नर्सेस, फिटर अशा वीसेक जणांना विश्वासात वाढवायचं. वाढवायचं म्हणे! सगळ्यांची दृढीकरणं पोरवयातच उरकलेली. बिशपांनी डोक्यावर हात ठेवून विश्वासात पक्कं केलं, फोटो निघाला, संपलं. काही विचारा म्हटलं की माना खाली. "ताई, तुम्हीच सांगा ना." उत्तर आयतं हवं, आणि तेही तेलुगू मंडळी दारात येऊन उभी राहायच्या आत, कारण पुढची वेळ त्यांची. वैताग नुसता! शेवटी मी तुमच्या दृढीकरणाच्या वर्गातला नियम काढला. ज्याला बोलायचंय त्याने आधी आठवड्याचं सुवर्णवचन, बायबलमधली ठरलेली ओळ, न बघता म्हणायची, मग तोंड उघडायचं. आता वाटतं, बोलत नाहीत म्हणून रडायचं आणि बोलणाऱ्याच्या तोंडाला कुलूप घालायचं, हा कुठला शहाणपणा?

तीन शुक्रवारांपूर्वी शेवटच्या रांगेतला एक जण उठला. जालन्याकडचा, जलीबला आठ जणांच्या खोलीत राहतो, एसीचा फिटर आहे. वर्षभरात एक अक्षर बोलला नव्हता. "ताई, येक इचारायचं व्हतं." मला केवढा आनंद झाला म्हणून सांगू! आणि तोंडातून काय निघालं? "आधी वचन." बिचारा अर्ध्यात अडकला. परत सुरू केलं, परत तिथंच अडकला. शेजारच्याने हळूच शब्द पुरवला, तर मी बोट उगारलं, "सांगायचं नाही." "ऱ्हाऊ द्या मग," म्हणत तो बसला. नंतर कप विसळताना आमच्या मंडळीच्या सेक्रेटरी म्हणाल्या, "अगं, मंगळवारी त्याची आई गेली. सुट्टी नाही मिळाली. याच्याविना माती झाली तिची." पुढचा शुक्रवार त्याची खुर्ची रिकामी. त्याच्या पुढचाही.

तेव्हापासून मला आपलं स्वयंपाकघर दिसतंय. आई जाऊन महिना झालाय. दृढीकरणाच्या वर्गाची मुलं आत्ताच घरी गेलीत, तुम्ही शेगडीशी उभे आहात, मी दाराला टेकून. "पप्पा, आपण बोलतो ते आईला ऐकू येत असेल का?" तुम्ही वळत नाही. वरण ढवळत राहता. "आधी वचन म्हण, मग प्रश्न." मी एकही चूक न करता म्हणते. "छान. ताटं घे," तुम्ही म्हणता. मग माझ्या प्रश्नाचं काय झालं, पप्पा? तुम्हाला माहीत नव्हतं, तर "माहीत नाही गं पोरी" एवढं म्हणायला काय झालं होतं? निदान दोघं मिळून रडलो तरी असतो. मी तेरा वर्षांची होते हो.

काल नवऱ्याला गाडी काढायला लावली आणि जलीबला गेले. फोन केला तसा तो धावत खाली आला, आणि मला बघून त्याचा चेहराच उतरला. "ताई, आजून पाठ न्हाई झालं. डूटी लई हाय." धरणीने पोटात घ्यावं असं झालं मला. वचन वसूल करायला आले, असं वाटलं त्याला! म्हटलं, "खड्ड्यात गेलं पाठांतर. काय विचारायचं होतं ते विचारा." तो चपलेकडे बघत म्हणाला, "मी मातीला नव्हतो. आता हितून प्रार्थना केली तर तिला कळंल का, की मला यायचं व्हतं?"

माझ्याकडे दहा वचनं तयार होती, पप्पा. सगळी गिळली. "मला माहीत नाही, दादा," म्हटलं. त्याने मान हलवली आणि तिथंच, किराणा दुकानाच्या पायरीवर बसून रडला. मग आईबद्दल बोलत सुटला. ती मंडळीत सगळ्यांत मोठ्याने गायची म्हणे, आणि सगळ्यांत बेसूर. त्यावर आम्ही दोघं हसलो. शुक्रवारी येतो म्हणालाय. येईल, न येईल. नियम मात्र मी मोडला.

हे पत्र गीतांच्या पुस्तकात ठेवून देईन. दुसरीकडे कुठे टाकणार? फक्त एक सांगायचं राहिलं. त्या दिवशी स्वयंपाकघरात मला वचन पाठ नव्हतं. तुम्हीच दिलेल्या पेनाने तळहातावर लिहून आणलं होतं. तुम्ही एकदा जरी वळून बघितलं असतंत, तरी दिसलं असतं.