दोन खड्डे आणि तळमजल्यावरचा फ्लॅट

रविवार, दिनांक ५ ऑक्टोबर १९८६, सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी, मी चर्चमध्ये नव्या भाताच्या कणसांच्या मिस्साला उभी असताना, आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी कंपाउंडमधला खताचा खड्डा डेब्रिज टाकून बुजवला. म्हणून मी, उर्सुला फिलिप क्रियाडो, वय सदुसष्ट, टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त, राहणार तळमजला, बोरिवली पश्चिम, कोणाच्याही दबावाशिवाय हे मृत्युपत्र लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. शंका असेल त्याने घरी येऊन बोलून पाहावे.

१. मी सुरू केलेले हे खताचे खड्डे दोन आहेत, कारण देवाची फुले आणि माझ्या सुरमईचे काटे एकत्र नकोत असे सर्वांचे मत पडले. मला त्यात वावगे वाटले नाही. एकात निर्माल्य, दुसऱ्यात स्वयंपाकघरातला कचरा. पाच वर्षांत गेटाजवळची कचराकुंडी ओसंडायची थांबली, घुशी गेल्या, आणि जिन्यात मान वळवून जाणाऱ्या बायका खतासाठी डबे घेऊन माझ्या दारात उभ्या राहू लागल्या. गच्चीवर दुधी धरला आहे.

२. सेक्रेटरी चंद्रप्रकाश परुळेकर यांना मासळीचा खड्डा नको होता. त्यांनी माळी धोंडू यास सांगितले, "ज्याला वास येतो तो बुजव." धोंडूने दोन्हींवर वाकून वास घेतला आणि निर्माल्याचा बुजवला. मी जाब विचारला तर म्हणतो, "बाय, मी काय करू? तुमच्या मासळीला वासच नाय!" येणार कसा? गोराईला माझे वडील भातशेतात मासळीचे खत घालत. प्रत्येक थरावर सुका पाला आणि माती, हे मी फ्रॉकात होते तेव्हापासून जाणते. निर्माल्यावर मात कोणी मूठभर माती टाकत नव्हते, वरून मोदक आणि केळी. त्या वासाचा आळ पाच वर्षे माझ्या सुरमईवर.

३. त्याच आठवड्यात घरोघर नवरात्राची फुले साठली. सेक्रेटरींच्या आई नलिनीबाई पिशवी घेऊन आल्या. "उर्सुला, देवीचे हार आता गटारात टाकू काय गं?"

"तुमच्या चंदूला विचारा."

"विचारलं. तो पेपर वाचतोय. तू फावडं दे."

त्या दुपारी सात बायकांनी डेब्रिज उपसले. मी थर घालून दाखवले. आता दोन्ही खड्ड्यांना वास नाही, त्यामुळे कोणता बुजवायचा हे सांगणे सेक्रेटरींना अवघड झाले आहे. म्हणून डिसेंबरच्या मीटिंगमध्ये दोन्ही बुजवून तिथे स्कूटर लावण्याचा ठराव ते आणणार आहेत.

४. माझे फावडे, पंजा आणि चाळणी धोंडूस. त्याला इथे साक्षीदार व्हायचे होते. ज्याला काही मिळते त्याने साक्षीची सही करू नये, हे त्याला दोनदा समजावले.

५. गोराईची जमीन भाची क्लारा हिला. भाऊ अर्बन यास माझी छत्री. ती त्याने १९६१ साली नेली आहे, आता त्याचीच समजावी.

६. शवपेटीवरची फुले कबरेवर सुकू देऊ नयेत, खड्ड्यात आणावीत. कोणत्या, हे मी नलिनीबाईंना विचारले. त्या म्हणाल्या, "देवाच्याच. विचारतेस काय!"

७. दोन्ही खड्डे कायम राखण्याचा ठराव सोसायटीने केला, तर माझा फ्लॅट सोसायटीस, मुलांच्या वाचनालयासाठी. रात्री तिथे कमिटीने मीटिंग घ्यावी, जिन्यात नव्हे. ठराव न झाल्यास फ्लॅट क्लाराला. तिला कुत्रे पाळायचे आहेत. चार.

या मृत्युपत्राची प्रत आजच कमिटीस दिली आहे. ठराव करणार की नाही, याचे लेखी उत्तर रविवार, ३० नोव्हेंबर १९८६, संध्याकाळी सहाच्या आत माझ्या हातात पडावे. "बघू" हे उत्तर धरले जाणार नाही.

सही: उर्सुला फिलिप क्रियाडो

आमच्या समोर सही केली:
१. डॉ. जयवंत म्हापणकर, पहिला मजला
२. नलिनी परुळेकर, दुसरा मजला, सेक्रेटरींची आई

बोरिवली, २ नोव्हेंबर १९८६