'रूट कनाल'चा पहिला आणि शेवटचा कार्यक्रम

प्रिय ताई,

साष्टांग नमस्कार घालायचा तर आधी खाली बसावं लागेल आणि मग उठवायला कुणाला तरी हाक मारावी लागेल, म्हणून उभ्यानेच करते, गोड मानून घे. तुझं ब्लडप्रेशर कसं आहे? भाऊजी सकाळी फिरायला जातात का, की नुसतेच बूट घालून पेपर वाचत बसतात? इथे आम्ही दोघं ठीक. बँड मात्र गेला. (घाबरू नकोस, माणूस कुणी गेलेलं नाही.)

तुला फोनवर काही बोलले नव्हते, कारण तू हसली असतीस आणि हे समोरच बसलेले असायचे. हे छापखान्यातून निवृत्त झाले आणि लगेच इलेक्ट्रिक गिटार घेऊन घरी आले. तरुणपणी मामंजींनी वाजवू दिली नव्हती, ती हौस. संगीत कुठलं, तर ब्लूज-रॉक. म्हणजे माणूस आपलं दुःख सावकाश सांगतो, मग तीच ओळ पुन्हा सांगतो (पहिल्यांदा कुणी लक्ष दिलेलं नसतं म्हणून), आणि मग गिटार त्याच्या वतीने रडते. ड्रमवर आमचे दातांचे डॉक्टर, बेसवर कोपऱ्यावरचा इलेक्ट्रिशियन. तालीम रविवारी दवाखान्यात, पेशंट बसतात त्या खोलीत, म्हणून बँडचं नाव 'रूट कनाल'. गायला कुणी मिळेना, तेव्हा मी. आणि मी काय, कॉन्व्हेंटमध्ये शिकले तशीच गाणार! पाठ ताठ, हात पोटाशी जुळवलेले, चेहरा प्रसन्न. डॉक्टर अगदी कळवळून म्हणायचे, "वहिनी, गाण्यात नवरा सोडून गेलाय तुम्हाला, जरा वाईट वाटून घ्या की!" मी म्हणायचे, "कसं वाटून घेऊ? हे काय, इथेच बसलेत."

पण खरी अडचण निराळीच होती. इतकी वर्षं छपाईच्या यंत्रांशेजारी उभं राहून ह्यांचे कान गेलेत. मला माहीत, डॉक्टरांना माहीत, इलेक्ट्रिशियनला माहीत, ह्यांना विचारलं तर म्हणणार, "तुम्ही लोक तोंडातल्या तोंडात बोलता." कानाच्या मशीनचं नाव काढलं की, "मी काय तुझ्या भाऊजींएवढा म्हातारा झालोय?" (एवढं भाऊजींना वाचून दाखवू नकोस.) आणि गिटार हातात आली की चेहरा असा उजळायचा, ताई, की ती काढून घ्यायची हिंमत कुणाची? म्हणून आम्ही एक युक्ती काढली. मी ह्यांच्या शेजारी उभी राहायचे आणि माझा उजवा पाय ह्यांच्या बुटावर. ताल दाबत राहायचा, आणि गाणं संपलं की जोरात दाबायचं. हे काही विचारायचे नाहीत, आम्ही काही सांगायचो नाही.

कार्यक्रम होता दातांच्या डॉक्टरांच्या संमेलनात, जेवणाआधी. (पहिल्या रांगेतले सगळे माझ्या दाढांकडे बघत होते.) गाणी छान झाली. शेवटच्या गाण्याचा शेवटचा ठोका पडला, टाळ्या सुरू झाल्या, आणि माझ्या अंगात शाळा शिरली. गाणं संपलं की एक पाऊल पुढे टाकायचं, एक पाय मागे घेऊन गुडघ्यात वाकायचं, हे मदरनी आमच्याकडून इतकं घोटून घेतलं होतं की मी पुढे झाले, वाकले, आणि दाबायचं राहूनच गेलं. हे डोळे मिटून वाजवतच राहिले. एकटेच. टाळ्या थांबल्या, कुणीतरी हसलं. मग देवमाणूस डॉक्टरांनी पुन्हा काठ्या उचलल्या, इलेक्ट्रिशियन आत शिरला, आणि मला दुसरं काही सुचेना म्हणून मी पहिलं कडवं पुन्हा धरलं. ह्यांनी डोळे उघडले तेव्हा वाढपी खुर्च्या उचलत होते आणि सगळे ताटं घेऊन रांगेत उभे होते. हे माझ्या पायाकडे बघत राहिले, ताई. सगळं कळलं.

घरी येऊन गिटार खोळीत घातली, कपाटावर टाकली. म्हणाले, "बँड बंद. मला आपलं वाटायचं, तू प्रेमाने पाय ठेवतेस." मी म्हटलं, "तसाही ठेवत होते." ते काही ह्यांना ऐकू गेलं नाही. तेव्हापासून दिवसभर खिडकीत बसून असतात. डॉक्टर दोनदा येऊन गेले, तर झोपेचं सोंग घेतलं.

बाकी सर्व क्षेम. तब्येतीला जप.

तुझी,
धाकटी

ता. क. चार दिवस राहायला या. भाऊजींना मशीन खिशात नाही, कानात घालून आणायला सांग, आणि उपदेश एक अक्षर नको. नुसतं ह्यांच्यासमोर बसून, स्वयंपाकघरात मी काय पुटपुटतेय ते इथून कसं स्पष्ट ऐकू येतं, एवढंच बोलू दे. ह्यांना हेवा वाटला पाहिजे. पुढचं मी बघते.

आणखी एक. हे सगळं बँडसाठी चाललंय असं समजू नकोस. बँड गेला तर गेला. पण काल चहा पिताना हे मला म्हणाले, "लोक सांगतात, तू फार सुंदर गायलीस. खरं का गं?"