चौथं नाव

दि. १९, गुरुवार, सकाळ

चिमे,

माझ्या धाकट्या बहिणी, आणि संदर्भांच्या यादीत तिसऱ्या नावानंतर ज्यांचं ‘व इतर’ होतं अशा समस्त बायांनो! कष्ट आपण करायचे आणि छापताना आपलंच नाव गिळलं जायचं, हे किती दिवस चालू द्यायचं?

हसू नकोस. शिक्षक संघटनेच्या सभांत इतकी वर्षं माइकपुढे उभी राहिलेय की पत्रातही आधी श्रोत्यांना हाक जाते.

तू बरी असशीलच. इथे आईचा गुडघा आता पुष्कळ ठीक आहे. तुझ्या पीएच.डी.च्या मॅडमनी पाठवलेली गरम पाण्याची पिशवी ती दिवसभर मांडीवर घेऊन बसते, पाणी थंडगार झालं तरी. मी आणलेला शेकायचा दिवा कपाटात पडलाय. “पोरीच्या मॅडमला किती काळजी बाई!” हे वाक्य मी आठवडाभर जेवणाबरोबर गिळतेय. स्वयंपाकघरातला नळ अजून गळतो. प्लंबर रोज ‘निघालोच’ म्हणतो, पण कुठे निघतो ते कळत नाही.

आता कामाचं. तुझ्या पेपरचे संदर्भ लावून फाईल काल मेलने पाठवली. सोबत ‘झालं’ एवढा एकच शब्द लिहिला. तुला वाटलं असेल, ताई दमली. दमले नव्हते.

ते काम घेऊन तू घरी आलीस तेव्हा काय म्हणालीस, आठवतंय? “ताई, संदर्भ तूच लाव. मॅडम म्हणाल्या, इतकं नेटकं काम दुसरं कुणी करणार नाही.”

मी म्हटलं, “त्यांना काय ठाऊक?”

“अगं, तुम्ही एका टेबलावर काम करायचात ना! सारखं तुझंच सांगतात.”

आणि मग तुझी गाडी सुटली. मॅडमनी असं समजावलं, मॅडम बिनसाखरेचा चहा घेतात, मॅडम म्हणतात की घाईत लिहू नये. घाईत लिहू नये हे तू दुसरीत असताना मी तुला सांगितलं होतं, चिमे! तेव्हा पेन्सिल माझ्या अंगावर फेकली होतीस.

तरी मुकाट्याने कामाला बसले. त्या नियतकालिकाचे नियम कडक. मजकुरात चौकटी कंसात आकडा, शेवटी त्याच क्रमाने यादी. आडनाव आधी, मग आद्याक्षरं, मध्ये टिंब नको. नियतकालिकाचं नाव तिरक्या अक्षरात. आणि लेखक तीनच द्यायचे. जास्त असतील तर पुढे ‘व इतर’. तुमचं ते आपोआप याद्या लावणारं सॉफ्टवेअर मला रुचत नाही. मी एकेक ओळ हाताने लावते, स्वल्पविरामसुद्धा तपासून. अकरा संदर्भ मजेत झाले.

मग बारावा आला.

तो पेपर तुला पाठच आहे. कोमेजलेल्या पानाच्या पाठीचा ठसा घ्यायची रीत. असं पान गुंडाळतं, ठसा फाटतो, त्यावरची रंध्रं मोजता येत नाहीत. ते आधी ओल्या टिपकागदावर पसरून ठेवायचं, हे मला सुचलं आणि बोटांची सालं निघेपर्यंत मीच केलं. पेपरवर पहिलं नाव तुझ्या मॅडमचं, कारण लिहिला तिने. दुसरं आम्हा दोघींच्या मार्गदर्शक सरांचं. तिसरं त्या गृहस्थांचं, ज्यांनी सूक्ष्मदर्शकाच्या खोलीची किल्ली दिली. चौथं माझं. “पुढच्या पेपरला तुझं नाव आधी,” असं ती म्हणाली होती. पुढचा पेपर आला तोवर मी कॉलेजात शिकवायला लागले होते.

म्हणजे नियमाप्रमाणे मला माझ्याच बोटांनी लिहायचं होतं: ती, सर, किल्लीवाले, व इतर.

इथे तुला वाटेल, ताई आता नियमावर तोफ डागणार. मलाही तसंच वाटत होतं. एवढ्यात तुझे भावोजी दारातून डोकावले.

“भाषण लिहितेस की पत्र?”

“पत्र.”

“मग टेबल कशाला आपटतेस?”

तर आपटणं थांबवून सांगते. मी बारावा संदर्भ काढून टाकला. पुढचे सगळे आकडे मजकुरात आणि यादीत एकेक करून मागे घेतले, कुठे भोक दिसू नये म्हणून. तू लिहिलं होतंस, ‘ठसे पूर्वी प्रसिद्ध झालेल्या रीतीने घेतले.’ त्या जागी मी लिहिलं, ‘ठसे घेण्यासाठी आम्ही पुढील रीत बसवली.’ वाक्य सफाईदार उतरलंय. तू तीनदा वाचलंस तरी अडखळणार नाहीस.

अडखळतील ते परीक्षक. मॅडम प्रवासात आहेत, सोमवारी पेपर तूच पाठवणार. परीक्षक म्हणतील, या मुलीने आपल्याच मार्गदर्शिकेची रीत स्वतःची म्हणून खपवली. पदवी तोंडाशी आलेली असताना तुझ्यावर चोरीचा डाग. हे मला नंतर सुचलेलं नाही. करतानाच कळत होतं.

आणखी एक. त्या वाक्याशेजारी समासात मॅडमनी तुझ्यासाठी टीप लिहिली होती: ‘इथे तुझ्या ताईचा पेपर द्यायलाच हवा. रीत तिचीच आहे.’ तुझ्या ताईचा पेपर! बाई दुष्ट असती तर किती सोयीचं झालं असतं. तू तिची, आई तिची, आणि वर माझी रीतही तिनेच मला उदार मनाने परत करायची? ‘व इतर’ झोंबलं नाही इतकी ती टीप झोंबली. आधी टीप पुसली, मग संदर्भ.

वाटलं, ती तुझ्यावर चिडेल. तुमच्यात बिनसेल. तू रडत इथे येशील, ओट्याला टेकून म्हणशील, ताई, तूच बरी. मी मनातल्या मनात तुझ्यासाठी चहासुद्धा टाकला होता, साखर घालून.

माझं भांडण व्यवस्थेशी आहे, माणसाशी नाही, असं मी व्यासपीठावरून ठणकावते आणि टाळ्या घेते. उद्याही ठणकावीन, कारण ते खरं आहे. तिसऱ्या नावावर माणसं कापणारा नियम अन्यायाचाच आहे. पण काल मी त्या नियमाशी भांडत नव्हते. छापील यादीत चौथी आहे ते मी सोसलं. तुझ्या बोलण्यातही मागे सरकले, ते सोसवत नाही.

आज उजाडताच सगळं पूर्ववत करायला बसले. तुझं वाक्य परत आणलं, तिची टीप जशीच्या तशी लावली, आकडे पुढे नेले. यादीत बारावी ओळ लिहायची वेळ आली. पहिलं आडनाव तिचं. बोटं कळफलकावर नुसती ठेवून बसले. या पत्रातही ते नाव कुठे नाही, बघ.

म्हणून ती ओळ तशीच सोडून दुरुस्त फाईल पेनड्राइव्हवर घालून या पत्रासोबत भावोजींच्या हाती देतेय; कामासाठी ते उद्या तुमच्याकडे येतायत. त्यांना यातलं काही ठाऊक नाही. फोन करू नकोस. तू दोन मिनिटांत ‘असू दे गं ताई’ म्हणशील, आणि मला ते लगेच आवडेल.

कालची फाईल पाठवू नकोस. ही उघड. बारावी ओळ कोरी आहे, ती तुझ्या हाताने लिही: पहिलं नाव तिचं, मग ते दोघं, मग ‘व इतर’.

त्या शेवटच्या दोन शब्दांत कुठेतरी असलेली,
तुझीच
ताई