दोन्ही पाट्या पडल्यावर

३ जून

चि. धाकट्यास,
अ. उ. आ. वि. वि.

तू म्हणशील, ताईला पत्र लिहायची हौस कुठून आली? फोन बैठकीच्या खोलीत, आई स्वयंपाकघरात, आणि तिचे कान माझ्यापेक्षा तिखट. मला जे बोलायचं आहे ते तिच्यादेखत बोलण्यासारखं नाही.

रजा काढून मी इथे आईकडे आले आहे ती विश्रांतीला, असं तिला सांगितलंय. खरं कारण वेगळं. समोरच्या काकूंनी कळवलं की आई दुपारी घरात एकटीच कुणाशी तरी कडाकडा भांडते. मी येऊन पाहिलं. ती भांडते ते बाबांच्या पिनबॉल मशीनशी. बाबांनी पैसे टाकून खेळायच्या मशीनचं दुकान बंद करताना सोफा बाहेर काढून ते धूड घरात घेतलं, तेव्हा हीच आई आठवडाभर त्यांच्याशी बोलली नव्हती. आता बाबा नाहीत आणि शहात्तराव्या वर्षी ही बाई रोज जेवण झालं की पदर खोचून त्याच्यासमोर उभी राहते. खेळते मात्र झकास. दोन्ही बाजूंची बटणं अशी मारते की खालची वल्ही गोळीला पडूच देत नाहीत.

तिचं म्हणणं, मशीन खोटं बोलतं. गोळी डावीकडच्या तारेवरून जाते आणि गुण पडतात ते उजव्या कोपऱ्यातल्या भोकाचे. म्हणजे जास्तीचे! त्याचाच तिला राग. बाबांचा उच्चांक तिला मोडायचा आहे, पण फुकटच्या गुणांवर नाही. मी काच काढली, गोळी हाताने त्या तारेवरून फिरवली, गुण अगदी बरोबर पडले. तिला दाखवलं तर म्हणाली, तसं नाही, मधल्या दोन्ही उभ्या पाट्या गोळी लागून पडलेल्या असल्या की मगच. मी खेळून पाहिलं, पण माझ्याच्याने एक पाटी पडेल तर शपथ.

मला भीती वाटते रे. परवा तिचा चष्मा फ्रिजमध्ये सापडला. माझ्याकडची मागची खोली मी रंगवून घेतली आहे. रजा संपली की तिला घेऊनच जाईन म्हणते. हे घर बंद करू, मशीन कुणाला तरी देऊन टाकू. तू फक्त हो म्हण. आणि तू लिफ्टवाला आहेस, तर मशीनमध्ये खरंच काही बिघडू शकतं का, तेही कळव. तिचं समाधान होईल.

तब्येतीला जप. जेवणाच्या वेळा पाळ, निदान पाळतोस असं खोटं तरी लिही.

तुझी,
ताई

९ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. फ्रिजमधल्या चष्म्याचं एवढं मनावर घेऊ नकोस. मी मागच्या आठवड्यात पाने जेवणाच्या पिशवीत घातले आणि डबा हत्यारांच्या पेटीत. मला कुठल्या खोलीत ठेवतेस?

मशीनचं म्हणशील तर डाव्या हाताचा मळ आहे. आधी प्लग काढ. मग काच काढून खेळाची फळी वर उचल, आत टेकू द्यायला दांडा आहे. फळीच्या खाली प्रत्येक तारेपाशी, पाटीपाशी पत्र्याच्या दोन पातळ पट्ट्या दिसतील, टोकाला बारीक टिकल्या. टिकलीला टिकली टेकली की गुण पडतो. हाच स्विच. एवढ्या वर्षांत त्यांवर काजळी धरणारच. बारीक पॉलिश पेपर घे आणि चांगलं घासून काढ. आमच्या लिफ्टच्या रिलेला मी वर्षानुवर्षं हेच औषध देतो, गुण येणारच.

आईला नेण्याबद्दल मी आत्ता हो म्हणत नाही. आधी मशीन, मग आई. मशीन सुधारलं आणि तिची तक्रार तरीही तशीच राहिली, तर तू म्हणशील ते करू.

आईला नमस्कार सांग, पण या पत्राबद्दल अवाक्षर नको.

तुझा,
धाकटा

१५ जून

चि. लिफ्टमहर्षींस,
अ. उ. आ. वि. वि.

तुझं औषध रोगापेक्षा जालीम निघालं. सांगितलंस तसं घासलं. आता डावी तार गुणच देत नाही आणि एक पाटीही मुकी झाली. आई बाजारातून आली, माझ्या हातात पॉलिश पेपर पाहिला आणि पिशवी हातात तशीच धरून उभी राहिली. ओरडली असती तर बरं झालं असतं. त्या टिकल्यांवर सोन्याचा हलकासा मुलामा असतो आणि तो मी खरवडून काढला, एवढंच म्हणाली. बाबा म्हणे दोन पट्ट्या चिमटीत हलक्या धरून मधून कोरं जाड कार्ड ओढायचे, की झालं काम. पॉलिश पेपर फक्त वल्ह्यांच्या जाड टिकल्यांना. नव्या पट्ट्या माळ्यावर शिवणयंत्राच्या मागे डब्यात आहेत, असंही तिनेच सांगितलं. होत्याही.

मी चिमट्याने त्या बसवल्या. दवाखान्यात दिवसभर औषधाच्या गोळ्या मोजून माझा हात स्थिर झालाय, त्याचा उपयोग झाला. पट्ट्यांत कागदाच्या जाडीचं अंतर ठेवलं. आता हाताने दाबलं की एकूण एक स्विच बरोबर गुण देतो.

आणि तरीही काल दुपारी आईचं तेच. दोन्ही पाट्या पडलेल्या असल्या की मशीन खोटं बोलतं! तू म्हणशील, बाबांचं सगळं आठवणारी बाई भ्रमिष्ट कशी? अरे, आमच्याकडे औषधं न्यायला येणारी मुलं-सुना हेच सांगतात. जुनं सगळं लख्ख आठवतं, गोंधळ होतो तो आजचा. मशीन आता सुधारलंय. तुझी अट पुरी झाली. मी हळूहळू तिचे कपडे बाजूला काढायला लागले आहे आणि प्रत्येक साडी घडी करताना मला चोरी केल्यासारखं वाटतं.

लवकर लिही.

तुझी,
ताई

२१ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पॉलिश पेपरबद्दल कान पकडतो. लिफ्टच्या टिकल्या जाडजूड, त्यातून वीज दणकून वाहते, त्या घासल्याच पाहिजेत. तोच न्याय मी त्या नाजूक जिवांना लावला. उचलली जीभ लावली टाळ्याला.

साड्या कपाटात परत ठेव. तुझी दोन्ही पत्रं मी शेजारी ठेवून वाचली. ज्याच्या मनाचा गोंधळ असतो त्याची तक्रार रोज नवं रूप घेते. आईची एका शब्दाने बदललेली नाही: दोन्ही पाट्या पडल्या, गोळी डाव्या तारेवरून गेली, तरच. तू ती अट सबब समजून सोडून दिलीस आणि मीही पहिल्या वेळी तेच केलं. ताई, ती अट हाच बिघाडाचा पत्ता आहे.

नीट ऐक. मशीनमध्ये प्रत्येक स्विचला विजेची स्वतंत्र तार नसते. उभ्या-आडव्या तारांची जाळी असते, शब्दकोड्यासारखी, आणि प्रत्येक चौकटीत एक स्विच. वीज भलत्या वाटेने मागे फिरू नये म्हणून प्रत्येक स्विचला डायोड लावलेला असतो, छोट्या नळकांड्यासारखा. तो वीज एकाच दिशेने सोडतो. तो जळून दोन्ही दिशांनी सोडायला लागला, तर एका चौकोनाचे तीन कोपरे एकदम मिटले की मशीनला चौथाही मिटलेला दिसतो. दोन पाट्या पडून राहतात, म्हणजे दोन कोपरे मिटलेलेच. गोळी तारेवरून गेली की तिसरा. चौथा कोणता असेल ते आईला विचार. एकेक स्विच दाबून हा बिघाड जन्मात सापडणार नाही, आणि दोन्ही पाट्या पाडण्याइतकं घरात फक्त आईला खेळता येतं!

आता दोन्ही पाट्या हाताने पाड, मग गोळी फिरव. खोटा गुण पडला तर प्लग काढ, दोन्ही पाट्यांच्या आणि डाव्या तारेच्या डायोडचं एकेक टोक सुटं कर आणि मीटर लाव. जो दोन्ही बाजूंनी वीज सोडेल तो चोर. रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात तसा नवा मिळेल. जुना नेऊन दाखव, आणि नवा बसवताना त्यावरचा रंगीत पट्टा जुन्याचा ज्या बाजूला होता त्याच बाजूला ठेव.

काय होतं ते तारेने कळवावं असं वाटतंय, पण पत्र चालेल.

तुझा,
धाकटा

२७ जून

चि. धाकट्यास,
अ. उ. आ. वि. वि.

पडला! दोन्ही पाट्या पाडल्या, गोळी डाव्या तारेवरून फिरवली आणि उजव्या भोकाचे गुण खणखणत पडले. भोकाजवळ चिटपाखरू नव्हतं. मी केवढ्याने ओरडले म्हणून सांगू! समोरच्या काकूंना आता माझीही काळजी वाटत असेल.

डाव्या पाटीचा डायोड चोर निघाला. नवा मी स्वतः कथलाचा डाग देऊन बसवला, बोट भाजून घेतलं आणि पुन्हा तपासलं. आता पाट्या पडोत नाहीतर उभ्या राहोत, मशीन खरं बोलतं.

आई सगळा वेळ शेजारी उभी होती. झालं म्हटल्यावर खुर्चीत बसली आणि रडायला लागली. बाबा गेले तेव्हाही मी तिला असं रडताना पाहिलं नव्हतं. मी तिला जवळ घेतलं, मलाही आवरेना. खोलीचं विचारायचा मात्र धीर झाला नाही. डोळे पुसून ती म्हणाली की तुला ती स्वतःच लिहिणार आहे.

तुझी,
ताई

२८ जून

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र ताई वाचून मगच टपालात टाकणार, तेव्हा एकाच पत्रात दोघांना लिहिते.

तुमचं काय चाललं होतं ते मला कळत नव्हतं असं समजू नका. ताई आल्यापासून येता-जाता मला वार विचारते. एकदा बुधवारी मी मुद्दाम शुक्रवार सांगितला, तर बिचारीने दुपारी जेवणच सोडलं. तेव्हापासून गुमान खरा वार सांगते. साड्या कपाटातून गेल्या आणि परत आल्या, तेही पाहिलं.

काल रडले ते मशीनसाठी नाही. बरेच दिवस मीही स्वतःला तपासत होते. रात्री पडल्या पडल्या पाढे म्हणायचे, तुमच्या आत्यांची सगळी मुलं वयाप्रमाणे आठवायचे. सगळं जमायचं. दुपारी मशीनसमोर गेलं की मात्र डोळ्यांना एक दिसायचं आणि गुणांच्या फळ्यावर दुसरंच. मलाही वाटायला लागलं होतं की फिरलंय ते माझंच डोकं. जोरजोरात भांडत होते ती त्या भीतीपोटी. हे तुम्हाला कधी सांगितलं नसतं, आता सांगितलं तरी चालेल.

आज खेळले. गुण आधीपेक्षा कमी पडले, पण जेवढे पडले तेवढे माझे. तुमच्या बाबांचा उच्चांक अजून शाबूत आहे. मोडीन.

ताई, तुझ्या खोलीचा रंग छान असणार. चार दिवस पाहुणी म्हणून येईन आणि परत माझ्या घरी येईन.

आता मुद्द्याचं. कधीतरी असा दिवस येईल की चूक खरंच माझी असेल. त्या दिवशीही आधी मशीन उघडा. मी सांगेन त्या सगळ्या अटी जशाच्या तशा पाळून बघा. मशीन निर्दोष निघालं तर माझ्या पाठीमागे पत्रं लिहू नका, समोर बसून तोंडावर सांगा. मी माझ्या हाताने साड्या भरीन आणि एक शब्द न बोलता त्या खोलीत येईन.

लोभ असू द्या, पाळत नको.

आई