पुलाचं सरकार

फागुन २१, काठमांडू

आमच्या पक्षानं सरकारचा पाठिंबा काढला! निवडणुकीत ज्यांना गावोगाव शिव्या घातल्या, आता त्यांच्याच मांडीला मांडी लावून बसायचं. खासदार तेच, खुर्च्या तेवढ्या फिरवायच्या — मतदाराला विचारतो कोण? ह्यांना मंत्रिपद देऊ केलंय. भात चिवडत म्हणाले, "पक्षाचा आदेश आहे, इंद्रा. मोडला तर खासदारकी जाते."

जाऊ दे की! "शेण खायचं तर एकट्यानं खा," म्हटलं आणि मीच ताटावरून उठले.

फागुन २४

मंत्रिपदाची बातमी गावात पोचलीसुद्धा! विश्वासमत उद्या, आणि माणसं आजच बस भरून दारात — झेंडूच्या माळा, पिशवीभर लाल अबीर. पुढे माझा थोरला भाऊ, जितेदाजू. आल्या आल्या ह्यांचे गाल रंगवले. दाजूच्या उजव्या हाताला दोन बोटं नाहीत, नदीवरच्या तारेत गेली. आमच्याकडे अजून तारेला लटकूनच पलीकडे जातात, शाळेची पोरंसुद्धा.

"दाजू, ज्यांच्याकडे हे चाललेत त्यांनीच बाबांना तुरुंगात घातलं होतं!"

"कुणाशीही पाट लावू दे. पूल आणू दे."

अंगाचा तिळपापड झाला. तरी सगळ्यांचा भात रांधला.

फागुन २५

पंतप्रधान पडले. ह्यांनी मात्र पक्षाविरुद्ध मत दिलं — पडणाऱ्याच्या बाजूनं! एका मतानं सरकार काही वाचलं नाही. घरी आले ते हसतच. "तूच म्हणालीस ना?" मला रडू फुटलं. इतक्या वर्षांत ह्यांचा एवढा अभिमान कधी वाटला नव्हता.

दाजू मात्र माझ्यावरच उखडला. "तुझ्या इमानावरून चालत नदी ओलांडू का?" न जेवता गेला.

चैत ३

खासदारकी गेली. टीव्हीवर नव्या मंत्र्यांच्या शपथा, गळे माळांनी भरलेले. कालचे वैरी एकमेकांना पेढे भरवतायत. मेल्यांनो!

चैत ९

दाजूची नात तारेवरून पडली. जिवंत आहे. पाय गेला. दाजूनं एवढंच सांगून फोन ठेवला. मी कुणावर ओरडू?

चैत १७

पोटनिवडणूक लागली. हे अपक्ष उभे राहतायत, गावात गेलेत.

दुपारी ह्यांच्या जुन्या पक्षाचे अध्यक्ष स्वतः माझ्याकडे आले. "पूल देतो, वहिनी. आमचं तिकीट तुम्ही घ्या, त्यांच्याविरुद्ध उभ्या राहा."

घेतलं.